बारा घड्याळं आणि झुंबरबाईंची म्हैस

दुपारचं जेवण झालं की माणसानं सरळ आडवं व्हावं. हातात एखादी वस्तू धरून खिडकीशी बसू नये. झोपेतली स्वप्नं चहाच्या वेळेला संपतात. जागेपणी पडलेली संपत नाहीत, उलट कामाला लावतात. मळवलीच्या राजेंद्र ओव्हाळला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही. भाद्रपदातल्या एका दुपारी तो जेवून उठला आणि हातात एक हिरवा सर्किट बोर्ड धरून खिडकीशी बसला. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

राजेंद्र टेलिफोन खात्यातून मुदतीआधी निवृत्त झाला, तेव्हा खात्यानं त्याला शाल दिली, नारळ दिला, आणि भंगारात निघालेल्या यंत्रातला हा एक बोर्ड त्यानं स्वतः मागून घेतला. नारळाची चटणी झाली, शाल सासऱ्यांकडे गेली, बोर्ड राहिला. आता त्याच्यावर तिरपं ऊन पडलं आणि राजेंद्रला त्यात आधी भातखाचरं दिसली. मग बांध दिसले. एक चकचकीत रेघ वळणं घेत खाली गेली होती, ती इंद्रायणी. कोपऱ्यातला काळा चौकोनी ठोकळा म्हणजे लोहगड, यात शंकाच नको. बारीक बारीक रुपेरी ठिपके म्हणजे गावं. आपलं घरही यात कुठंतरी असणार म्हणून त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

“काय बघताय एवढं?” त्याची बायको यशोधरा स्वयंपाकघरातून म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे घरातले प्रश्नही तपासणीच्या सुरात येत.

“मावळ दिसतोय गं यात. वरून पाहिल्यासारखा.”

“बरं. त्यात वाण्याचं दुकान दिसलं तर साखर घेऊन या.”

राजेंद्र साखरेला गेला नाही. तो नथू आबाकडे गेला. नथू आबा म्हणजे शेजारचे, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, आणि घरात ड्रिल मशीन असलेले. त्या ड्रिलनं राजेंद्रनं बोर्डाच्या मधोमध भोक पाडलं, बाजारातून घड्याळाचं मशीन आणून मागं बसवलं, काटे लावले, सेल टाकला. घड्याळ चालू झालं. राजेंद्र समोर खुर्ची टाकून बसला आणि एक तास कसा जातो ते त्यानं पाहिलं. त्याला बरोबर एक तास लागला.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्याचं एक दुखणं होतं. गाव त्याला ‘टेलिफोनचे इंजिनिअर’ म्हणे. वास्तविक राजेंद्र खात्याच्या तक्रार-खिडकीत बसणारा कारकून. कुणाचा फोन बंद पडला की माणूस खिडकीत येई, राजेंद्र रजिस्टरात तक्रार लिहून घेई, चिठ्ठी आत जाई. पुढे फोन चालू होई किंवा न होई. कुठं उंदरानं वायर खाल्लेली, कुठं जेसीबीनं केबल उपटलेली. चालू करणारे हात दुसऱ्यांचे. एकोणतीस वर्षांत राजेंद्रच्या स्वतःच्या हातानं एकही फोन सुरू झाला नव्हता. गावात तो खोटं कधी बोलला नाही. कुणी ‘इंजिनिअर’ म्हटलं की त्याला फक्त खोकला यायचा. पण मनात ते सलत होतंच. एकदा, निदान एकदा, आपल्या हातानं काहीतरी चाललं पाहिजे. एवढंच त्या माणसाला आयुष्याकडून हवं होतं, आणि ते भिंतीवर टिकटिक करत होतं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात यशोधराबाईंची जुनी विद्यार्थिनी अमृता पेढे घेऊन आली. लोणावळ्यात ती लहानसं हॉटेल काढत होती. बारा खोल्या, दसऱ्याला उद्घाटन. पेढा देता देता तिची नजर भिंतीवर गेली.

“काका, हे तुम्ही केलंत?”

हा प्रश्न राजेंद्रला जन्मात कुणी विचारला नव्हता. त्याला बसावंसं वाटलं. तो बसलेलाच होता.

“मला बारा हवीत,” अमृता म्हणाली. “प्रत्येक खोलीत एक. नवीन काही नको, सगळी अशीच, टाकून दिलेल्यातून केलेली. जमेल ना?”

स्वयंपाकघरात यशोधरानं भांडं जरा जोरात ठेवलं. संसारात या आवाजाला अर्थ असतो. राजेंद्र तेवढ्यात स्वप्नात शिरला होता: लोणावळ्याच्या धुक्यातल्या बारा खोल्या, बारा भिंती, प्रत्येक भिंतीवर हिरवागार मावळ, आणि खाली बारीक अक्षरात ‘आर. ओव्हाळ, मळवली’.

“जमेल की,” तो म्हणाला.

आता बोर्ड आणायचे कुठून? आंबीला जुने संगणक फोडणारा एक कारखाना आहे असं कळलं. राजेंद्र स्कूटर काढून गेला. जाळीपलीकडे गोणीच्या गोणी बोर्ड भरून ठेवलेले. हिरवे, निळे, तपकिरी. राजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथला माणूस सज्जन होता. त्यानं चहा दिला आणि सांगितलं की हा माल असा कुणालाही देता येत नाही, कायदा आहे, तुमच्या धंद्याच्या नोंदणीचा कागद आणा आणि टेम्पो भरून न्या.

कागदासाठी राजेंद्र पुण्याच्या एका कचेरीत गेला. खिडकीत एक तरुण कारकून होता. अर्जात तीन रकाने: तोडणारे, वितळवणारे, दुरुस्त करणारे.

“तुम्ही यातलं काय करता?”

“मी घड्याळं करतो.”

“मग ते घड्याळाचं झालं. आमच्याकडे कचऱ्याचं आहे.”

“पण मी कचऱ्याचीच करतो.”

“मग घड्याळ म्हणू नका.”

“पण ती चालतात हो!”

“चालतात तर कचरा कसा?” कारकुनानं अर्ज फाइलीत सरकवला, राजेंद्रच्या डोक्याच्या चार बोटं वर पाहिलं, ड्रॉवर हलकेच बंद केला आणि त्याच क्षणी म्हणाला, “ठेवून जा. कळवतो.”

दुसरा कोणी असता तर चिडला असता. राजेंद्र मात्र पाहतच राहिला. काय तो सूर! काय ती नजर! ड्रॉवर आणि शब्द एका वेळी मिटणं हे पंधरा वर्षं खिडकीत काढल्याशिवाय जमत नाही, आणि या पोरानं ते तिशीच्या आत साधलं होतं. हा ‘कळवतो’ राजेंद्रनं स्वतः हजारदा म्हटला होता, त्यामुळे त्यातून काय कळतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्याच हत्यारानं आपण असे सपशेल पडलो, याचा अपमान घाट चढणाऱ्या मालगाडीसारखा रेंगाळत घरापर्यंत आला.

“अवो, कारकान्यात कशापायी जाता?” नथू आबा म्हणाले. सल्ला द्यायचा असला की ते आधी तंबाखू मळत. “घराघरात पडलंय की समदं. माळ्यावर चढा, निस्तं रेडू आन् मिक्सर. गावात कोन काय टाकतंय व्हय?”

राजेंद्रनं दारावर पाटी लावली: ‘बंद पडलेल्या वस्तू येथे स्वीकारल्या जातील. पर्यावरण वाचवा.’ आठ दिवसांत पाटी पाहून दोन माणसं आली. दोघंही भाज्याच्या लेण्यांचा रस्ता विचारायला.

तेव्हा समोरच्या झुंबरबाई कंबरेवर हात ठेवून पाटीपाशी उभ्या राहिल्या. झुंबरबाई म्हणजे चार एकर भात, मोडके गुडघे आणि सडेतोड तोंड. “भाऊ, फुकाट कोन देतं ओ? ती बोहारीण बगा. फाटक्या लुगड्यावर बी वाटी देती. बाई वाटीकडं बगती, पर्यावरनाकडं न्हाई. वाट्या आना.”

राजेंद्रच्या स्वाभिमानाला दोन दिवस ताप आला. तिसऱ्या दिवशी त्यानं कामशेतच्या बाजारातून चार डझन स्टीलच्या वाट्या आणल्या.

“इंजिनिअरचे बोहारी झालात,” यशोधरा म्हणाली. “बढतीच म्हणायची.”

वाट्यांची पिशवी हँडलला अडकवून राजेंद्र भाज्याच्या रस्त्यानं निघाला. प्रत्येक खड्ड्याला सगळ्या वाट्या एकदम बोलत. तो कुठल्याही गावात पोचायच्या आधी त्याचा आवाज पोचे, आणि कुत्री स्वागताला येत. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांपैकी एका मुलीनं त्याचा फोटो काढला आणि ‘किती छान परंपरा’ असं त्याच्यादेखत म्हणाली.

पण झुंबरबाईंचं खरं ठरलं. वस्तू येऊ लागल्या. मिक्सर, रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्हीचे डबे, कुणाच्या मुलानं सोडून दिलेला संगणक. राजेंद्र हरखला. एकच भानगड होती. मावळातला माणूस वस्तू देतो म्हणजे सोडतो असं नाही. वाटी कनवटीला लावायची, दोन पावलं जायचं, आणि मागं वळून म्हणायचं, “उगडनारच हाय तर जरा बगा की चालतंय का. तुमास्नी काय, विंजनेर मानूस.”

इथं खरं सांगून टाकायला हवं होतं. राजेंद्रला खोकला आला. “बघतो,” तो म्हणाला, आणि काय करावं न सुचून सवयीनं त्यानं एक लांबडी वही काढली. नाव, गाव, वस्तू. “कधीपासून बंद आहे? त्याआधी काय झालं होतं? आवाज कसा यायचा?” हे प्रश्न त्याच्या जिभेवर एकोणतीस वर्षं मुरलेले. माणसं उंबऱ्यावर टेकायची आणि सांगायला लागायची. भाज्याच्या हिराबाईंचा मिक्सर मुलीच्या लग्नात तीनशे पानांचं खोबरं वाटून दुसऱ्या दिवशी बसला होता. नथू आबांचा रेडिओ त्याच्यावर कुणी हात धरला तरच लागे. हात धरायचं काम धाकट्या भावाचं, आणि तो आता सुदुंबऱ्याला लेकाकडं राहायला गेलेला. राजेंद्रनं लिहिलं: ‘रेडिओ. हात ठेवल्याशिवाय लागत नाही. हात ठेवणारा गावात नाही.’ लिहिताना त्याला तो बांधावरचा रेडिओ, ते दोन भाऊ, कापणीची संध्याकाळ असं सगळं दिसायचं. पेन हातात तसंच राही आणि चहा निवून जाई.

एके दिवशी झुंबरबाई दोन माणसांच्या खांद्यावर काहीतरी घेऊन आल्या. भरतकामाचं झाकण घातलेला संगणक.

“ही माजी म्हस,” त्या म्हणाल्या.

राजेंद्रनं झाकणाखाली पाहिलं.

“अवो, दुभती म्हस इकून घेतलाय ह्यो. कैलास अकरावीला हुता तवा. घरात समदी म्हसच म्हनत्यात ह्याला. ह्याच्यावर शिकलं माजं पोरगं, आता हिंजवडीला नोकरीला हाय. सा वरसं झाली, बंद पडलीय.” त्यांनी झाकणाची घडी नीट केली. राजेंद्रनं वाटी पुढे केली, तशा त्या उसळल्या. “म्हस दिली आन् वाटी घेतली आसं सांगू व्हय मी लोकांत? ऱ्हाऊ द्या. जमलं तर चालू करा, न्हाईतर हाये तशी माघारी द्या. आन् हिला गावाभाईर न्यायची न्हाई.”

पुढच्या खोलीत आता बेचाळीस वस्तू झाल्या आणि त्यातल्या एकीलाही कापायची सोय नव्हती. सगळ्यांना मालक, सगळ्यांना आशा. शेवटी राजेंद्रनं एक पोतं घेतलं, सहा-सात वस्तू त्यात घातल्या आणि गावाची नजर चुकवून तळेगाव गाठलं. तिथं आकाश नावाचा मेकॅनिक होता. तो पोतं उपडं करी, डाग देई, वायर जोडी, आणि बघता बघता वस्तू बोलायला लागत. राजेंद्र बाजूला बसून त्याच्या बोटांकडं पाहत राही. असं पाहत राहणं त्याला मिठाईच्या दुकानाबाहेर उभ्या राहिलेल्या पोरासारखं अवघड जाई. मग पोतं घेऊन परत.

बेचाळिसांतल्या एकतीस वस्तू चालू झाल्या. कचऱ्यातून नवं करायला निघालेल्या माणसाच्या घरून जुनंच ठणठणीत होऊन परत जाऊ लागलं. गावात वाहवा झाली. वाटी मात्र एकाही बाईनं परत आणली नाही.

“म्हणजे वाटी द्यायची, वस्तू दुरुस्त करून द्यायची, वर चहा पाजायचा,” यशोधरा म्हणाली. “ती बोहारीण तुमच्यापुढे फारच चिक्कू म्हणायची.”

म्हैस गावाबाहेर न्यायची नव्हती, ती तशीच राहिली; बाकीच्या दहा वस्तूंपुढं आकाशनं हात टेकले. राजेंद्रनं दहाही मालकांना बोलावून हे सांगितलं, वहीतलं वाचून दाखवलं, आणि घड्याळ करू का म्हणून विचारलं. माणसं जरा वेळ वस्तूकडं पाहत, एकदा हात फिरवत आणि म्हणत, “करा. निदान चालंल तरी.” दसऱ्याच्या आदल्या दुपारपर्यंत राजेंद्रच्या भिंतीवर स्वतःचं पहिलं धरून अकरा घड्याळं झाली. अकरा हिरवे-तपकिरी मुलूख. बाहेर खाचरांत भात पिवळं पडू लागलेलं, वारा इंद्रायणी तांदळाचा वास घेऊन आत येत होता, आणि आत अकरा घड्याळं आपापसांत कुजबुजत होती. आयुष्यात इतकं सुख त्याला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात अमृताचा फोन आला. “काका, उद्या सकाळी गाडी पाठवते. बारा तयार आहेत ना?”

“बारा,” राजेंद्र म्हणाला, आणि खोकला.

खोलीत आता एकच वस्तू उरली होती. तिच्यावर भरतकामाचं झाकण होतं.

माणूस चूक करण्याआधी स्वतःशी फार समजूतदारपणे बोलतो. सहा वर्षं बंद आहे, राजेंद्र म्हणाला. कैलासकडं आता लॅपटॉप आहे. आतलं कोण उघडून बघतंय, झाकण घातलं की म्हैस ती म्हैस. नुसतं पाहायला म्हणून त्यानं चार स्क्रू काढले. आणि आत काय बोर्ड होता! आजवरच्या सगळ्यांत मोठा, पावसाळ्यानंतरच्या पवनेकाठासारखा हिरवा. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ, सगळे एकत्र. राजेंद्रला भान राहिलं नाही. ड्रिल लागलं तेव्हा अगदी लहानसा आवाज आला. पाच वाजता बारावं घड्याळ भिंतीवर चढलं. बाराही जणांत तेच देखणं होतं, आणि त्याच्याकडंच त्याला बघवेना.

दुसऱ्या दिवशी दसरा. यशोधरा पांढरी साडी नेसून विहारात निघण्याच्या तयारीत होती. अमृताची गाडी दारात लागली होती. ड्रायव्हर उंबऱ्याशी उभा होता. एवढ्यात आपट्याची पानं घेऊन झुंबरबाई आल्या, मागं नथू आबा आणि सुट्टीवर आलेला कैलास.

“सोनं घ्या भाऊ. आमचा कैलास म्हनतुया, आये, म्हस कुटं हाय? मी म्हनलं, इंजिनेराकडं हाय. झाली का चालू?”

राजेंद्रनं पानं हातात घेतली. खोकला येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. आज तोही येईना.

“मावशी,” तो म्हणाला, “तुमच्या म्हशीला मी भोक पाडलं.”

ड्रायव्हर मुकाट्यानं दोन पायऱ्या खाली उतरला.

“विचारलं नाही. पोटातला बोर्ड काढला आणि ते बघा, घड्याळ केलं. माझ्या हातून मोठी चूक झाली. आणि आणखी एक. मी इंजिनिअर नाही. कधीच नव्हतो. मी खिडकीत बसून तक्रारी लिहायचो, मावशी. तुमच्या वस्तू मी दुरुस्त केल्या नाहीत, तळेगावच्या पोरानं केल्या.”  यशोधरा आतून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.  

“ते ठावं हाय की,” झुंबरबाई म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“तुमी खिडकीत बसायचा त्ये.”

“कुणाला ठाऊक आहे?”

“गावाला,” नथू आबा म्हणाले. “आमचं समद्यांचं फोन कवा ना कवा बंद पडलं न्हवं का? खिडकीत तुमीच तर दिसायचा. आन् तुमचं पोतं बी ठावं हाय. येकदा तर पोत्यात माजाच रेडू वाजत चाललाता.”

एकोणतीस वर्षांचा खोकला फुकट गेला, हे राजेंद्रच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. “मग... मग वस्तू माझ्याकडं आणल्या कशाला?”

झुंबरबाई खाली टेकल्या. “कैलास पैल्यांदा नोकरीला गेला तवा आमचा फोन चार म्हैने मुका हुता. दर सोमवारी मी तुमच्या खिडकीत. फोन काय चालू झाला न्हाई. पर तुमी दर बारीला इचारायचा, मावशी, शेवटचा कवा वाजला? कोन बोललं? आन् मी सांगायची, आन् तुमी लिवायचा. येवडं घरात बी कोन इचारत न्हवतं बगा. दुरुस्त करनारी तळेगावात छप्पन हायती. लिवून घेनारं मानूस येकच.”

हे कौतुक होतं. राजेंद्रला ते कळलंही. पण काळजात कुठंतरी कळ उठली ती वेगळीच. सगळं आयुष्य ज्या खिडकीतून बाहेर पडायला धडपडलो, तीच खिडकी या बाईनं उचलून त्याच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवली होती. लिहून घेणारा. चालू करणारा नव्हेच.

कैलास भिंतीपाशी गेला होता. “आये, ह्यो आपलाच की. हितं मी फॅन बसवलावता, त्याची खूण हाय.”

झुंबरबाई उठल्या, घड्याळासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ सेकंदाचा काटा पाहत राहिल्या. मग खिळ्यावरून घड्याळ उतरवून त्यांनी पदराखाली घेतलं. “आता ही भाईर जायची न्हाई. गोठा रिकामाच हाय,” त्या म्हणाल्या.

“घेऊन जा, मावशी,” राजेंद्र म्हणाला. ड्रायव्हर अकरा घड्याळं घेऊन गेला, आणि राजेंद्रनं अमृताला फोन लावून जे झालं ते सगळं, म्हशीसकट, सांगितलं.  मग ती म्हणाली, “असू दे काका. बारा नंबरला घड्याळच नको.” पुढं असं झालं की सुट्टीला आलेली माणसं आवर्जून बारा नंबरचीच खोली मागू लागली, पण ते श्रेय राजेंद्रला कुणी दिलं नाही.

दसऱ्यानंतर कापण्या सुरू झाल्या. एके सकाळी झुंबरबाई पुन्हा दारात. “भाऊ, म्हस मागं पडाय लागलीय. सकाळी लावती, तर सांजंपातूर तासभर मागं.”

“कधीपासून?” राजेंद्र म्हणाला, आणि हात आपोआप वहीकडं गेला. “आधी काय झालं होतं?”

“लिवू नगा,” झुंबरबाई म्हणाल्या. “चला.”

“कुठं?”

“गोठ्यात. तुमच्या हातानं केलंय न्हवं? मग तुमीच बगा.”

“मावशी, ते आकाशला...”

“आकाश कशाला पायजेल? उटा.”

यशोधरानं ड्रॉवरमधून पकड काढून त्याच्या हातात ठेवली. राजेंद्र गेला. गोठ्यात कापून आणलेल्या भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या. फटींतून येणाऱ्या उन्हात कोंड्याचे कण सावकाश तरंगत होते. दावणीच्या वरच्या भिंतीला घड्याळ. राजेंद्र स्टुलावर चढला. त्यानं कान लावला. मग काटा बोटानं फिरवून पाहिला, आणि सात-आठच्या मध्ये तो कशाला तरी घासला. बोर्डावर एक बारकं नळकांडं उभं होतं. मिनिटकाटा दर तासाला तिथं अडखळे, धडपडे, आणि कसाबसा पुढं जाई.

त्यानं पकडीनं ते नळकांडं धरलं.  हलकेच, अगदी हलकेच, त्यानं ते आडवं केलं, आणि काटा साताच्या आधी आणून ठेवला.

“आता?” नथू आबा दारातून म्हणाले. तेही आले होते, आणि कैलासही, आणि विळा हातात घेतलेले दोन-तीन कापणीवालेही.

“आता बघायचं,” राजेंद्र म्हणाला.

सगळे उभे राहिले. सुगीच्या ऐन दिवसांत, माथ्यावर उन्हं चढत असताना, सात-आठ माणसं एका रिकाम्या गोठ्यात घड्याळाकडं पाहत थांबली.  काटा साताला आला. साताच्या पुढं सरकला.  आता अडेल, आता अडेल. एक ठिपका, दुसरा ठिपका, नळकांड्याच्या डोक्यावरून काटा केसभर अंतरानं सरकला, आणि सरळ आठावर जाऊन पुढं निघाला.

“झालं?” झुंबरबाईंनी विचारलं.

“झालं,” राजेंद्र म्हणाला, आणि स्टुलावरून उतरायचं विसरून तिथंच उभा राहिला.